चिंचोक्याची खळ

टण्णकन आवाज झाला आणि योगिनीनं आधी घराकडं पाहिलं, मग चुलीकडं.

आत पंख्याखाली स्वराली झोपली होती. ती हलली नाही. परसातल्या चुलीत ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याचं झाकण मात्र बोटभर उचललं गेलं होतं, आणि मातीनं लिंपलेल्या कडेतून पिवळट धूर भसाभसा बाहेर येत होता. तिनं पदर नाकाला लावला, सांडशीनं झाकण दाबलं आणि ओल्या मातीचा गोळा फटीवर थापला. बोटं भाजली. ती कानाच्या पाळीला लावून तिनं पुन्हा एकदा घराकडं पाहिलं. अजून पाऊण तास हवा होता. डब्यातल्या लोकरीला कोळसा व्हायला तेवढा वेळ लागायचाच, आणि पोरीची झोप रोज नेमकी त्याच्या पाच मिनिटं आधी मोडायची.

केस जळाल्यासारखा वास कुंपणापलीकडं गेला. शेजारच्या द्वारकाबाईंचं डोकं शेवग्याच्या बुंध्याआडून वर आलं.

"तानूबाई, सुनेनं न्हाव्याचं दुकान पेटवलं का काय?"

ओट्यावर बाजरी पाखडत बसलेल्या तानूबाईंनी सूप थांबवलं नाही.

"शिकती ती, द्वारकाबाई. शिकल्याचा वास आसाच येतोय. तुमच्या घरात न्हाय यायचा."

डोकं खाली गेलं. योगिनीला हसू आलं, पण सासूनं एवढं बोलूनही चुलीकडं पाठच ठेवली होती हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. लोकर जळायला लागली की तानूबाई नेहमी अशाच बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, धूर डोळ्याला लागतो.

आजच्या डब्यात काय आहे, हे योगिनीनं त्यांना सांगितलं नव्हतं.

बारामतीच्या कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायची. उरलेला वेळ म्हणजे स्वरालीच्या झोपेतून काढलेला. विषय होता मायक्रोवेव्ह लहरी गिळून टाकणारा पदार्थ. रडारच्या, टेलिफोनच्या मनोऱ्यांच्या लहरी ज्या पदार्थावर आपटून परत येऊ नयेत, आत शिराव्यात आणि तिथंच जिराव्यात, असा. लोक त्यासाठी परदेशी पावडरी मागवत. योगिनीला मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात अंगणात वाळत घातलेली काळी घोंगडी दिसली होती. उजेड तिच्यावर पडत होता आणि परत काही येत नव्हता. पुढं पुण्याला मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तिनं लोकरीचा एक केस पाहिला. खवल्यांवर खवले, आत नळ्या, नळ्यांच्या आत आणखी बारीक वाटा. मेंढराला थंडीवाऱ्यात जगवायला ज्यानं कुणी हे घडवलं, त्याला लहर अडवता येणार नाही? लोकर हवा न लागू देता जाळायची, तिचा नुसता सांगाडा ठेवायचा, आणि त्या सांगाड्यात केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढी बारीक पोकळ्यांची घरं राहतात का ते बघायचं. 'नॅनो' हा शब्द तिनं तेव्हा एका झेरॉक्स केलेल्या लेखात पहिल्यांदा वाचला. स्वराली तेव्हा पोटात होती. आता ती बालवाडीत जात होती, आणि साल सत्त्याण्णव उजाडलं होतं.

मार्चात एकदा जमलं. वरकुट्याला तानूबाईंच्या भावाची, सर्जेरावांची, मेंढरं होती. तिथून आलेली कोकरांची पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, तिनं जाळली. कोळशाची पूड मेणात मिसळून बोटाच्या पेराएवढी वडी पाडली. मोजणीला शंभरातले जेमतेम तीन भाग परत आले. सत्त्याण्णव आत जिरले. त्या दिवशी तिनं येताना पेढे आणले होते. त्यानंतर मोठ्या मेंढरांच्या लोकरीवर सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा चाळीसच्या वर परत.

म्हणजे गुण जावळातच असणार. म्हणून परवा नवरा नागेश दूध डेअरीच्या कामासाठी इंदापूरकडं निघाला, तेव्हा तिनं त्याला हळूच सांगितलं होतं, की वरकुट्याला सर्जेरावांकडून जावळाची लोकर घेऊन या आणि आत्यांना, म्हणजे तानूबाईंना, बोलू नका. पिशवी थेट कॉलेजात उतरवून घेतली होती. ही गोष्ट लपवावी असं का वाटलं, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

आतून हाक आली.

"आई, कुठं आहेस?"

पाच मिनिटं आधी. नेमकी.

*

बेचाळीस.

योगिनीनं मीटरचा काटा पुन्हा पाहिला. पितळी चौकोनी नळीच्या टोकाशी वडी बसवलेली, मागं धातूची चकती घट्ट आवळलेली. पंखा घुं घुं करत होता. चकती काढून, पुसून तिनं पुन्हा बसवली. एकेचाळीस.

मागं विभागप्रमुख डॉ. भोईटे उभे होते. तेच तिचे मार्गदर्शक. आवाज न चढवता बोलायची त्यांची पद्धत होती, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"मॅडम, एकदा तीन आणि सात वेळा चाळीसच्या वर. याला निष्कर्ष म्हणत नाहीत. अपघात म्हणतात."

"अपघातालासुद्धा कारण असतं, सर."

"ते मीच सांगतो. घरात लहान मूल, परसात चूल, लोकर पोत्यात. प्रयोगशाळा आहे का ती? मार्चात तुमची चकती सैल बसली असणार. वहीतलं ते पान खोडा, खाली सही करा. आपण बाहेरची तयार पावडर मागवू. तुमचं रजिस्ट्रेशन टिकेल, दिल्लीच्या परिसंवादाला साधा का होईना, एक पेपर जाईल." ते थांबले. "नाहीतर सोमवारपासून हा बेंच मला रविराज सरांना द्यावा लागेल. शनिवारी टपाल निघायला हवं."

त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून तिच्यापुढं धरलं.

योगिनीनं वही मिटली.

"चकती मी तीनदा बसवली होती. तीनदा काटा तिथंच आला."

"हट्ट करून विज्ञान होत नाही."

"नसेल होत. पण जे डोळ्यांनी बघितलंय ते बघितलंच नाही, असं माझ्या हातानं मी लिहायची नाही. शुक्रवारपर्यंत बेंच माझा आहे ना, सर?"

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत."

"मग शुक्रवारी या."

पेन तसंच उघडं राहिलं. वही तिनं डब्याच्या पिशवीत घातली आणि बाहेर आली.

*

घरी आली तेव्हा स्वराली ओसरीवर बाहुलीचं बाळंतपण मांडून बसली होती. काड्यापेटीचा पाळणा, त्यात बाहुली, बाहुलीखाली गादी.

"आई, हात धुवून ये. बाळाला हात लावायचा तर हात धुवायचे."

योगिनीनं निमूट हात धुतले. तिच्या पिशवीत एक पराभव होता, आणि पोरीसमोर तो उघडायचा नव्हता. ती खाली बसली, पाळणा हलवला, गादीला बोट लागलं आणि बोट तिथंच थांबलं.

मऊ. दुधाच्या सायीसारखी. टोकाला तांबूस झाक असलेली काळी. मार्चातली वरकुट्याची लोकर. चुलीत घालायच्या आधी तिनं स्वतः ती गालाला लावून पाहिली होती.

"ही गादी कुणी दिली गं?"

"आजीनं. देवाजवळच्या गाठोड्यातली. एवढीच दिली, चिमूटभर. बाकीची देवाची."

देवघरात भंडाऱ्याच्या डब्याशेजारी पिवळ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. रोज दिवा लावताना ती ते बघत होती. कधी उघडलं नव्हतं.

तानूबाई परसात गोवऱ्या रचत होत्या. योगिनी गाठोडं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आत्या, मी मार्चात काय जाळलं?"

तानूबाईंनी गाठोड्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि हातातली गोवरी जागेवर ठेवली.

"ह्ये न्हाय जाळलंस."

"मग?"

"तुज्या मामांची घोंगडी. आर्धी. फाडली, पिंजली, तुज्या डब्यात भरली. तू पोरीला निजवायला ग्येलीवतीस."

सासरे तात्याबा, ज्यांना ती मामा म्हणायची, जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांची घोंगडी फडताळात घडी करून ठेवलेली, असंच ती धरून चालली होती.

"सात महिने! सात महिने मी डोकं आपटतेय. वहीत लिहिलंय जावळ, मी सरांपुढं भांडून आले त्या पानासाठी. आणि ते पानच खोटं? सांगायचंत तरी!"

"काय सांगायचं? जावळ बिरोबाचं. आमच्यात त्ये जाळत न्हाईत. पैल्या कातरनीचं द्येवाला ठिवायचं, ऱ्हायल्यालं ल्येकराला. सांगितलं आसतं तर तू ऐकलं आसतंस? व्हय का न्हाय, बोल."

योगिनीनं गाठोड्याची सुटलेली गाठ आवळली.

"आन् मला इचारलंवतंस का? पिशवी उचलली, चुलीत. भाऊ माजा, मेंढरं माज्या म्हायेरची, चूल माजी."

"आणि मामांची घोंगडी चालते होय जाळायला?"

"मानूस ग्येलं. पांघरून ऱ्हायलं, त्याला कसर लागली." तानूबाईंनी पदरानं हात पुसले. "पांघरून म्हंजे द्येव न्हवं. आन् कालच्या डब्यात काय हुतं त्ये मला ठावं न्हाय आसं समजू नगंस. वासावरनं कळतंय. जावळ जळताना गोड वास येतो. मी रातभर द्येवापुढं नाक घासलंय तुज्यापायी."

एक लपवणारी ती, एक लपवणाऱ्या त्या. कुणी कुणावर चिडायचं, हा हिशेब लागत नव्हता. घरातून स्वराली बाहुलीला अंगाई म्हणत होती. मधले शब्द विसरून नुसतं हं हं करत होती.

मग योगिनी हळूच म्हणाली, "आत्या, घोंगडीत काय असतं? लोकरीत नसतं असं?"

"काय आसायचं? लोकरच की."

"नाही. काहीतरी आहे. आठवा ना."

तानूबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, की एवढं शिकून या पोरीला एवढंही ठाऊक नसावं.

"खळ न्हाय का? चिंचोक्याची. खळ बसल्याबिगर घोंगडी हुबी तरी ऱ्हाती का? पार आतल्या धाग्यापतुर मुरती ती. तुज्या मामांच्या घोंगडीला तर मी दरसाल खळ द्यायची. पाऊस आत शिरायचा न्हाय."

योगिनी मटकन गोवऱ्यांवर बसली. सूक्ष्मदर्शकाखालचा तो केस तिला दिसला, त्याचे खवले, वाटा, आणि वाटावाटांतून मुरलेली चिंचोक्याची पेज. लोकर जळते तिची आपली, खळ जळते तिची आपली, आणि दोघींच्या मधे पोकळ्या उरतात. नुसती लोकर जळली की कोळसा घट्ट बसतो, आरशासारखं बरंच परत फेकतो.

"आर्धी घोंगडी हाय अजून," तानूबाई म्हणाल्या. "जाळ."

"नको." योगिनी उठली. "ती संपली की पुढं काय करू? मला नवीन करता आलं पाहिजे. मोठ्या मेंढरांची लोकर आहे पोत्यात. खळ कशी करायची ते सांगा. माप सांगा."

"मापाचं काय? हाताला कळतंय."

"मग हात दाखवा."

*

तीन दिवस घर चिंचोक्यांचं झालं. तानूबाईंनी चिंचोके भाजले, टरफलं काढली, पांढरे दाणे भिजत घातले, पाट्यावर वाटले. योगिनी वही घेऊन शेजारी बसायची. "पानी किती" विचारलं की तानूबाई म्हणायच्या, "पळी सरळ हुबी ऱ्हाईल इतकं न्हाय, पडंल इतकं न्हाय." मग योगिनी कपबशीनं मोजून लिहून घ्यायची. खळ शिजली की स्वराली त्यात बोट घालायची, आणि दोघींचे हात एकाच वेळी तिच्या मनगटावर पडायचे.

"आगं, भाजंल!"

"आजी, ही खायची का?"

"खा की. पोट चिकटंल. मग भूक लागनार न्हाय, आयला तेवढंच बरं."

लोकर खळीत बुडवली, पिळली, कडक उन्हात वाळवली. गुरुवारी दुपारी डबा चुलीत गेला. या वेळी तानूबाईंनी चुलीकडं तोंड करून बसकण मारली. शेवग्याआडून द्वारकाबाईंचं डोकं वर येताच त्या म्हणाल्या, "या, नाक धरून या. हिकडं आमचं शिकनं चाललंय."

शुक्रवारी साडेचारला भोईटे आले. योगिनी बाजूला सरली.

"चकती तुम्हीच बसवा, सर."

त्यांनी बसवली. आवळली. काटा डावीकडं झुकत गेला आणि थरथरत थांबला. चार. त्यांनी चकती काढून रुमालानं पुसली, पुन्हा बसवली. पाच. तिसऱ्यांदा चार.

योगिनीनं वही उघडली, मार्चाचं पान काढलं. 'जावळाची लोकर, धुतलेली' या शब्दांखाली तिनं लाल शाईनं लिहिलं होतं: प्रत्यक्षात जुनी घोंगडी, खळ दिलेली. नोंद चुकीची. वाचन बरोबर. खाली सही.

"नाव चुकलं होतं, सर. काटा चुकला नव्हता."

भोईट्यांनी ते वाचलं, परत वाचलं.

"चिंचोका. ही कल्पना कुठून आली?"

"घरातली पद्धत आहे."

"ठीक. 'पारंपरिक पद्धतीनं' असं टाका. परिसंवादात बरं दिसतं." त्यांनी टेबलावरचा कच्चा मसुदा पुढं ओढला, पेन काढलं आणि मथळ्याखाली आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग तिचं.

योगिनीनं कागद आपल्याकडं वळवून घेतला. पहिल्या नावावर एक सरळ रेघ मारली, आपलं नाव वर लिहिलं आणि त्यांचं खाली.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, खोडा. हे खोडलं."

भोईट्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"टाइप करून घ्या," म्हणाले. "सोमवारी रविराज सरांना मी काय ते सांगतो."

*

दिवेलागणीला ती घरी पोचली तेव्हा कागदांना अजून डीटीपीच्या दुकानातल्या शाईचा वास होता. तिनं ते देवापुढं ठेवले नाहीत, थेट ओसरीवर तानूबाईंपुढं ठेवले.

"किती आलं?" तानूबाईंनी विचारलं.

"शंभरातले चार."

"म्हंजे शान्नव गिळलं." त्या खुशीत होत्या. "घोंगडीच ती. सोडती व्हय?"

सकाळच्या पहिल्या टपालाला पाकीट टाकायचं होतं. योगिनीनं कागद नीट घडी घालून आत सरकवले आणि डिंकाची बाटली शोधली. डिंक वाळून खडा झाला होता. तानूबाई उठल्या, आतून वाटी घेऊन आल्या. तळाला कालची खळ उरली होती, दाट, चकचकीत.

"हिनं चिकटव. दिल्लीपतुर काय, काशीपतुर सुटायचं न्हाय."

योगिनीनं बोटावर खळ घेतली. तेवढ्यात स्वराली मांडीत येऊन बसली. अंगाला चुलीचा, दुधाचा, पाटीवरच्या पेन्सिलीचा वास. तिनं पाकिटात बोटं घालून कागद बाहेर ओढला.

"वाच ना."

"इंग्लिश आहे, बाळा."

"मग मराठीत वाच."

योगिनीनं तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि कोरडं बोट ओळींवरून फिरवत वाचू लागली. मेंढीची लोकर. तिच्यात लहान लहान घरं. त्या घरांत गेलेली लहर परत येत नाही.

"हे काय, वरच्या मोठ्या ओळीखाली?"

"ते माझं नाव."

"पयलं?"

"हो. पहिलं."

स्वराली खूश झाली. तिनं त्या नावावर हात फिरवला. "आणि खालचं?"

"आमच्या सरांचं."

"आणि हे, खळीचं कुठलं?"

योगिनीनं दाखवलं. "हे. पारंपरिक पद्धतीची खळ."

"पारंपरिक म्हणजे?"

"म्हणजे पूर्वीपासूनची. कुणा एकाची नसते ती."

तानूबाई पायरीवर बसून उरलेले चिंचोके निवडत होत्या, किडका एकीकडं, धड एकीकडं. त्यांचा हात थांबला नाही. योगिनीच्या बोटावरची खळ सुकत चालली होती, कातडी ओढत होती, आणि पाकिटाची कड अजून उघडी होती. स्वरालीनं कागदाच्या दोन्ही बाजू पाहिल्या, पाकिटाच्या आत डोकावलं, आणि आईकडं मान वर करून विचारलं,

"पण खळ तर आजीनं केली ना? मग आजीचं नाव कुठंय?"